स्वभावाला औषध असते



‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्या घराघरांत इतकी रुळली आहे की ती खरी की खोटी, हे तपासून पाहावे असे कोणाच्या मनातही येत नाही. मुलगा तापट निघाला, म्हण हजर. मुलगी चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हण हजर. म्हातारपणी बाप हेकट झाला, की जोडीला ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ ही दुसरी. मी शिक्षक आहे. सातवीनंतर मुलीला पुढच्या शाळेत घालणार की नाही, हे विचारायला गेलो की पालक पुष्कळदा म्हणतात, “गुरुजी, ती जात्याच मुखदुर्बळ. शिकून काय करणार?” यातला ‘जात्याच’ हा शब्द नीट ऐका. जात्याच म्हणजे जन्मतःच. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था आपण नाकारली आणि पोटच्या लेकराची किंमत मात्र अजून जन्मावरूनच सांगतो! म्हणून स्वभाव कशाने घडतो आणि कोणत्या वयात कसा वळतो, याचा थोडा अभ्यास आज करू.

स्वभावात जन्माचा वाटा मुळीच नाही, असे कोणी म्हणणार नाही. चार लेकरांच्या आईला विचारा. एक पाळण्यात गुमान पडून राहणारे, तर दुसरे रडून वस्ती जागवणारे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून मानसशास्त्रज्ञांनी अंदाज काढला आहे की, माणसामाणसांच्या स्वभावात जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा कमी भाग आनुवंशिकतेचा असतो. बाकीचा भाग घर, शाळा, संगत, आजारपण, मिळालेली माया, सोसलेला अपमान आणि माणसाची स्वतःची धडपड यांचा. एकच बियाणे गोदाकाठच्या काळ्या रानात आणि बालाघाटच्या मुरमाड माळावर पेरून पाहा. कणसे सारखी येणार नाहीत.

भगवान बुद्धांनी तर न बदलणारा आत्माच नाकारला. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांचा प्रवाह म्हणजे माणूस. जे जे घडते ते कारणाने घडते, आणि कारण बदलले की परिणाम बदलतो. गंगाखेडला गोदावरी नेहमी गोदावरीच असते, पण काल पाहिलेले पाणी आज तेथे नसते. स्वभावाचेही तसेच समजावे.

एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. (त्यांनी एरिकसन हे आडनाव मोठेपणी स्वतःच घेतले होते. ज्यांनी जुनी ओळख टाकून नवी घेतली आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.) प्रत्येक टप्प्यावर माणसापुढे एक पेच उभा राहतो. तो कसा सुटतो, त्यावर पुढची वाट बरीचशी अवलंबून असते. पहिल्या वर्षात मूल एकच गोष्ट शिकते : या जगावर भरवसा ठेवावा की नाही. रडल्यावर कोणी उचलून घेते का, भूक लागल्यावर कोणी पाजते का, एवढ्यावर तो धडा असतो. आई खुरपणीला गेली म्हणून मूल बिघडत नाही. आजीने किंवा थोरल्या बहिणीने मायेने सांभाळले तरी पुरते. पण दिवसभर कोणीच हाकेला नसले, तर त्याचा भरवसा डळमळतो.

सहा ते बारा वर्षांचा टप्पा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘मला जमते’ किंवा ‘मला जमत नाही’ हे मूल याच वयात ठरवून टाकते. परमपूज्य बाबासाहेबांच्या साताऱ्यातील बालपणाचा एक प्रसंग आहे. तो त्यांनी स्वतः सांगितला असून धनंजय कीरांच्या चरित्रात आलेला आहे. आई लवकर वारली होती, आत्या सांभाळत होती. वडिलांनी दुसरे लग्न केल्याचा राग मनात होता. शाळेकडे लक्ष कमी, उनाडकीकडे जास्त. मुंबईला पळून जायचे, गिरणीत काम करायचे आणि कोणाच्या मिंधेपणात राहायचे नाही, असे भिवाने ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी रात्री काढून घेण्याची खटपट सुरू झाली. काही रात्री फुकट गेल्यावर ती एकदाची हाती लागली. उघडून पाहतो तो आत अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने गिरणीची वाट बंद केली. त्याने ठरवले, आता अभ्यास करायचा, आणि शिकूनच पायावर उभे राहायचे.

या प्रसंगात स्वभाव बदलला का? हट्ट होता तसाच राहिला. तो फक्त उनाडकीतून उठून पुस्तकाकडे गेला. पण तेवढ्याने काम झाले नाही. परळच्या एका खोलीत सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत आणि मग भीमरावांना अभ्यासाला उठवत. पुस्तकासाठी पैसे नसले की लेकींकडे जाऊन त्यांचे दागिने गहाण ठेवायला आणत. मुलाच्या हट्टाला बापाने असा आधार दिला नसता, तर तो हट्ट कोठे गेला असता, कोण सांगणार? आपल्याकडे हट्टी पोराला पहिली कानशिलात बसते.

कोणाच्या डोळ्यांपुढे काम करायचे आहे, यानेही मुलाचे वागणे बदलते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. कोडे सुटेल तसे पैसे. जात कोणाचीच सांगितली नाही, तेव्हा ‘खालच्या’ म्हणवल्या गेलेल्या जातींची मुले वरच्यांच्या बरोबरीने कोडी सोडवत होती. मग सगळ्यांसमोर प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव आणि जात वाचून दाखवली. त्याबरोबर या मुलांचे काम स्पष्टपणे घसरले. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. मुले तीच आणि डोकीही तीच. बदल झाला तो सभोवतालच्या नजरांत. अशा पोराला पाहून गावही म्हणते, “जात्याच मठ्ठ.”

आपल्या जिल्ह्यात या टप्प्याला आणखी एक फटका बसतो, तो कोयत्याचा. गंगाखेड, सोनपेठकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, आणि पोरेही गाडीत बसतात. फडावर धाकट्याला सांभाळत हंगाम काढला की पुढे वर्गात भागाकार येत नाही, आणि न येणारे पोर आपोआप मागच्या बाकावर सरकते. तीन वर्षे असे झाले की त्याला स्वतःलाच पटते, आपल्याला जमत नाही. अशा वेळी लेकराला आजी-आजोबांपाशी ठेवा, नाही तर शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करा, पण ती गाडी निघण्याआधी करा. उचल घेण्याआधी हा विचार झाला तर फार बरे.

पुढे तारुण्यात ‘मी कोण’ हा प्रश्न येतो. तो सोडवायला वेळ लागतो, चार ठिकाणी ठेचकाळावे लागते. चौदाव्या वर्षी लग्न लावलेल्या मुलीला हा वेळच मिळत नाही. ती कोण, हे सासर ठरवते. कायद्याने १८ वर्षे सांगितली आहेत, ती या दृष्टीनेही पाहावीत.

लग्न झाले, नोकरी लागली की माणूस पक्का झाला, असे आपण धरतो. अभ्यास उलट सांगतो. स्वभावातले पुष्कळसे बदल २० ते ४० या वयात होतात. जबाबदारी अंगावर पडली की माणसे साधारणतः अधिक नेटकी आणि सबुरीची होत जातात. न्यूझीलंडच्या डुनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास तेव्हापासून चालू आहे. लहानपणी ज्यांच्यात आत्मसंयम जास्त, त्यांची तब्येत आणि पैशाची घडी ३२ व्या वर्षी सरासरीने बरी निघाली. घरची परिस्थिती आणि बुद्धी हिशेबात धरूनही हे दिसले. आणि ज्यांचा संयम लहानपणी कमी होता पण वाढत्या वयात वाढला, त्यांचेही आयुष्य अपेक्षेपेक्षा सुधारलेले आढळले. म्हणजे संयम ही मोठेपणीही कमावण्याची वस्तू आहे. पाचवे शील घेऊन बाटली सोडलेले बाप आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांच्या घरच्यांना हे न्यूझीलंडहून कळायची गरज नाही.

उतारवयाबद्दल तर आपला गैरसमज फारच मोठा. बाबासाहेबांनी उतरत्या वयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. शांताबाई कांबळे यांचा जन्म १९२३ चा. १९४२ साली त्या सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाल्या आणि आयुष्यभर दुसऱ्यांची पोरे शिकवली. लेखणी हातात घेतली ती निवृत्तीनंतर. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्या साठी ओलांडून गेल्या होत्या.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे लग्न कोवळ्या वयात झाले. किराणा दुकानात बसून त्या पुड्या बांधायच्या रद्दीतले वाचीत, आणि गिऱ्हाईक नसले की लिहीत. नवऱ्याची भीती होती. म्हणून लिहिलेले कागद पुष्कळ वर्षे घरात कोणाच्या हाती लागणार नाहीत असे लपवून ठेवले. भित्रेपणा गेला आणि मग लेखन झाले, असे घडले नाही. भीती वाटत असतानाच त्या लिहीत राहिल्या. ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. पुढे त्यांनी फलटणजवळ निंबुरे येथे वंचित मुलांसाठी निवासी शाळा चालवली.