प्रवाळ आणि पाणी : परिसर अभ्यास

शिक्षक मित्रांनो व पालकांनो, "प्रवाळ म्हणजे दगड की झाड?" असं मुलं हमखास विचारतात. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की शैवाल निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं.

परदेशात अनेक जण घरच्या काचपेटीत प्रवाळ वाढवतात. त्यांना हे सांभाळावं लागतं :

१) तापमान : साधारण २५ ते २६ अंश सेल्सिअस.

२) क्षारता : १ किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं; म्हणून रोजची भर शुद्ध गोड्या पाण्याची घालायची.

३) अमोनिया : शून्य. जिवाणू अमोनियाचं नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. हे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. तोवर घाई नको.

आपल्याकडे मात्र दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहे. मुलांनी हट्ट केला तरी ते विकत घेऊ नका. मालवणच्या समुद्रात दिसलं तर फक्त पाहा, तोडू नका.

उपक्रम : ताटलीत मिठाचं पाणी घेऊन उन्हात ठेवा. शेवटी ताटलीत काय उरलं, ते मुलांना लिहायला सांगा. मुद्दा क्रमांक २ आपोआप समजेल.