जुन्या नोकरीचा प्रॉव्हिडंट फंड : व्याज कुठवर, कर किती?

नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. १८८६ मध्ये या गिरणीने कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा देशात आला तो १९५२ मध्ये. २००२ मध्ये ही गिरणी कायमची बंद झाली आणि आज त्या जागेवर मॉल उभा आहे. गिरणी गेली, हिंगणा आणि बुटीबोरीत नवे कारखाने आले. कामगार एक नोकरी सोडून दुसरी धरतो, कोणी स्वतःचे दुकान टाकतो, कोणी आखातात जातो. जुन्या मालकाकडे कापला गेलेला फंड मात्र अनेकदा तिथेच पडून राहतो.

अशा फंडाबद्दल दोन समज आढळतात. खाते बंद पडले म्हणजे पैसा बुडाला, हा पहिला. पैसा फंडात आहे तोवर वाढतोच आहे, मग घाई कशाला, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. पैसा बुडत नाही. पण वेळेचा हिशेब चुकला तर व्याज थांबते किंवा कर लागतो.

व्याज कधी थांबते?

१ एप्रिल २०११ पासून असा नियम झाला होता की ३६ महिने वर्गणी जमा झाली नाही तर व्याज थांबेल. नोव्हेंबर २०१६ मध्ये तो बदलला. आता ५५ वर्षांच्या आधी नोकरी सोडणाऱ्याच्या खात्यावर वयाच्या ५८ वर्षांपर्यंत व्याज मिळते. ५५ नंतर निवृत्त होणाऱ्याला निवृत्तीपासून ३६ महिने व्याज मिळते. सभासद मरण पावला किंवा कायमचा परदेशी स्थायिक झाला तरीही दावा करण्यास ३६ महिन्यांचीच मुदत आहे. त्यानंतर खाते 'निष्क्रिय' ठरते.

उदाहरण घेऊ. २००२ मध्ये ३५ वर्षांचा असलेला कामगार २०२५ मध्ये ५८ चा झाला. त्याने रक्कम उचलली नसेल तर तिच्यावर आता व्याज नाही. महागाई मात्र थांबलेली नाही, म्हणून अशांनी आता एक दिवसही दवडू नये. निष्क्रिय ठरल्यावर आणखी सात वर्षे कोणी दावा केला नाही तर रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वळवण्याची तरतूद २०१५ च्या कायद्यात आहे. त्यानंतरही २५ वर्षांपर्यंत वारसाला ती मागता येते. हक्क राहतो, पण हेलपाटे वाढतात.

पाच वर्षांची मर्यादा

सलग पाच वर्षे नोकरी झाली असेल तर नोकरी सोडेपर्यंतची जमा रक्कम करमुक्त असते. त्याआधी काढल्यास मालकाचा हिस्सा आणि त्यावरील व्याज पगाराप्रमाणे करपात्र ठरते. स्वतःच्या हिश्शावरचे व्याजही उत्पन्नात धरले जाते.

पाच वर्षे मोजताना मागची नोकरीही धरतात. अट एवढीच की जुना फंड नव्या खात्यात वर्ग केलेला असावा. बुटीबोरीत तीन वर्षे आणि हिंगण्यात अडीच वर्षे केलेल्या कामगाराने फंड वर्ग केला तर साडेपाच वर्षे भरतात आणि कर नाही. दोन्हीकडची रक्कम वेगवेगळी उचलली तर दोन्ही वेळा कराचा प्रश्न उभा राहतो.

आजारपणामुळे, मालकाचा धंदा बंद पडल्यामुळे किंवा कामगाराच्या हाती नसलेल्या कारणाने नोकरी गेली असेल तर पाच वर्षांची अट लागू नाही. बंद गिरणी-कारखान्यांच्या कामगारांनी हे ध्यानात ठेवावे आणि बंदीचा कागद जपावा.

पाच वर्षांच्या आतली रक्कम ५०,००० रुपये किंवा जास्त असेल तर १० टक्के कर आधीच कापतात; पॅन दिला नाही तर २० टक्के. ८०,००० रुपयांवर हा फरक ८,००० आणि १६,००० चा आहे. उत्पन्न करपात्र नसेल तर तसे घोषणापत्र (अनेक वर्षे '१५-जी' या नावाने ओळखलेले) अर्जासोबत द्यावे. कापला गेलेला जादा कर विवरणपत्र भरून परत मिळवता येतो.

नोकरी सोडल्यानंतरचे व्याज

इथे पुष्कळ जण फसतात. नोकरी संपल्यावर खात्यात पडणारे व्याज करमुक्त नाही, मग नोकरी वीस वर्षांची का असेना. बंगळूरच्या एका गृहस्थांनी २००२ मध्ये निवृत्त होऊन फंड २०११ मध्ये उचलला. मधल्या नऊ वर्षांचे सुमारे ४४ लाखांचे व्याज करपात्र आहे, असा निर्णय आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये दिला. २०२४-२५ चा व्याजदर ८.२५ टक्के होता. म्हणजे लाखावर वर्षाला ८,२५० रुपये, आणि तेवढे उत्पन्न दाखवणे आले.

फंडाच्या व्याजाचा मसला काही वाचक आलिमांना विचारून ठरवतात. त्यांच्यासाठी हिशेबाची एक गोष्ट: पासबुकात वर्गणी आणि व्याज वेगवेगळे दिसते, त्यामुळे दोन्ही वेगळे काढणे सोपे आहे. परंतु व्याज स्वतः न वापरता देऊन टाकले तरी त्यावरचा आयकर चुकत नाही.

आता काय करावे?

१) नवी नोकरी असेल तर फंड उचलू नका, वर्ग करा.

२) आधार, पॅन, बँक खाते आणि यूएएन क्रमांक जोडून घ्या. नाव व जन्मतारीख सगळीकडे एकच असावी. शेख-शेक, मोहम्मद-मो. एवढ्या फरकाने दावे परत येतात.

३) यूएएन हा क्रमांक २०१४ मध्ये आला. त्याआधीची नोकरी असेल तर जुनी पगारचिठ्ठी, हजेरीकार्ड, फंडाचा क्रमांक शोधून रघुजीनगरच्या भविष्य निधी कार्यालयात जा. कंपनीचा स्वतःचा ट्रस्ट असेल तर आधी तिथे विचारा.

४) नोकरी सुटल्यावर पूर्ण रक्कम उचलण्यासाठी दोन महिने थांबावे लागत असे. हा अवधी बारा महिने करण्याचा निर्णय केंद्रीय विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी घेतला. अर्जाच्या दिवशी कोणता अवधी लागू आहे ते पाहून घ्या.

५) पेन्शन योजनेत दहा वर्षे भरली असतील तर ती रक्कम उचलण्याचा विचार सोडा, ५८ व्या वर्षापासून मासिक पेन्शनचा हक्क आहे.

६) वारसाचे नाव आजच नोंदवा. सभासद गेल्यावर विधवेला फंडासाठी २० क्रमांकाचा आणि पेन्शनसाठी १०-डी हा अर्ज करावा लागतो. नाव नोंदलेले नसेल तर वारसदाखल्यासाठी धावपळ होते.

७) दलालाला टक्केवारी देऊ नका. दाव्याला शुल्क नाही.

महिन्याच्या पगारातून कापला गेलेला हा घामाचा पैसा आहे. घरातील जुन्या पेट्या, ट्रंका उघडून वडिलांचे, भावाचे फंडाचे कागद एकदा पाहावेत, अशी आमची वाचकांना विनंती आहे.