तारीख आणि इतिहास

(इतिहास म्हणजे केवळ सनावळी नव्हे. तो आपल्या वस्तीत, घरात आणि भाषेतही असतो. तो कसा शोधावा व कसा पारखून घ्यावा, हे या पाठात सांगितले आहे.)



तुमच्या उर्दू भाषेत 'तारीख' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ दिनांक आणि दुसरा अर्थ इतिहास. मराठीने हा शब्द आपलासा केला, पण त्याचा पहिलाच अर्थ घेतला. दुसऱ्या अर्थासाठी मराठीत 'इतिहास' हा शब्द आहे. 'इति ह आस' म्हणजे 'हे असे घडले', असा तो शब्द बनला आहे.

पुष्कळ मुले इतिहास शिकताना 'तारीख' या शब्दाचा मराठी अर्थच धरून बसतात. लढाईचा सन पाठ करायचा, तहाचा सन पाठ करायचा आणि परीक्षा संपली की दोन्ही विसरायचे! मग हा विषय कंटाळवाणा वाटला तर नवल काय? खरे पाहता तारीख ही भिंतीवरच्या खुंटीसारखी असते. नुसत्या खुंटीकडे पाहून काय मिळणार? तिला काय टांगले आहे, ते पाहावे.

आपण एक खुंटी घेऊ : १६ एप्रिल १८५३. या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला भारतातील पहिली प्रवासी आगगाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे प्रवासी आणि चौतीस किलोमीटरचा प्रवास. गाडीला तीन इंजिने होती. त्यांतील दोघांची नावे 'साहिब' आणि 'सुलतान'. तिसऱ्याचे नाव 'सिंध'.

आता घाटकोपर स्थानकाच्या पुलावर उभे राहा. तुमच्या पायांखालून जाणारा मार्ग त्याच गाडीच्या वाटेवरचा आहे. स्थानकाच्या पश्चिमेला उंचावरून मेट्रो येते. वर्सोव्याहून घाटकोपरला येणारी ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. एकाच ठिकाणी उभे राहून तुम्ही एकशे एकसष्ट वर्षांचे अंतर डोळ्यांनी पाहू शकता!

पण इतिहासाची खरी गोडी 'केव्हा' या प्रश्नात नसते, ती 'का' या प्रश्नात असते. रेल्वे का आली? आतल्या मुलखातील कापूस बंदरापर्यंत लवकर पोहोचावा, हे त्याचे एक मोठे कारण. मुंबईत कापडाच्या गिरण्या का निघाल्या? कापूस येथे येत होता आणि व्यापाऱ्यांजवळ भांडवल होते. गिरण्या निघाल्या म्हणून कामगार हवे झाले. मग कोकणातून, घाटावरून आणि उत्तर हिंदुस्थानातून माणसे मुंबईला आली. एका 'का'ला दुसरा 'का' जोडत गेलात, तर ही साखळी तुमच्या घराच्या दारापर्यंत येईल. तुमचे आजोबा किंवा पणजोबा कोठून आले? का आले?

घाटकोपर तरी पूर्वीपासून मुंबईत होते का? नाही. मुंबई हे वेगळे बेट आणि घाटकोपर साष्टी बेटावरचे. मध्ये खाडी होती. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये साष्टी पोर्तुगिजांना दिली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ती जिंकून घेतली आणि १७७४ मध्ये ती इंग्रजांच्या हाती गेली. मुंबई महापालिकेच्या हद्दीत घाटकोपर आले ते १९५० मध्ये. येथील लालबहादूर शास्त्री मार्गाला जुनी माणसे आग्रा रोड म्हणत. ठाणे, नाशिक करीत थेट आग्र्याला जाणारा तो रस्ता! रस्त्याचे जुने नाव कळले की रस्ता कोठे जात होता, तेही कळते.

याच घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहत असत. त्यांचा जन्म १९२० साली सांगली जिल्ह्यातील वाटेगावी झाला. शाळेचे शिक्षण त्यांना जवळजवळ मिळालेच नाही. लहानपणी ते घरच्या माणसांबरोबर पायी चालत मुंबईला आले. त्यांनी गिरणीत काम केले, मोलमजुरी केली आणि पुढे मराठीतील मोठे लेखक व शाहीर झाले. शाहीर अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. ते बार्शीचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांच्या पोवाड्यांनी मैदाने दुमदुमली.

अण्णाभाऊंची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. इंग्रजी राजवटीविरुद्ध उभा राहिलेल्या मातंग समाजातील एका शूर तरुणाची ती कथा आहे. कादंबरी म्हणजे इतिहासाचा पुरावा नव्हे. पण अशा गरीब माणसांची आठवण कोणत्या दरबारी बखरीने जपली असती? ती लोकांच्या तोंडी होती आणि अण्णाभाऊंनी ती कागदावर उतरवली. राजांचा इतिहास लिहायला दरबारात कारकून असतात. आपल्या वस्तीचा इतिहास आपणच लिहिला नाही, तर तो म्हाताऱ्या माणसांबरोबर नाहीसा होतो.

मित्रांनो, तुमच्याजवळ एक किल्ली आहे, ती पुष्कळांजवळ नसते. शिवकालाची आणि पेशवाईची कितीतरी कागदपत्रे फारसी भाषेत आहेत. फारसीची लिपी म्हणजे थोड्याफार फरकाने तुम्ही रोज लिहिता तीच. सेतुमाधवराव पगडी यांना उर्दू आणि फारसी उत्तम येत असे. मोगलांच्या दरबारातील कागद वाचून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासावर लिहिले आणि उर्दू काव्याची ओळख मराठी वाचकांना करून दिली.

आणखी एक नवलाची गोष्ट ऐका. पेशव्यांच्या मराठी कागदांवर सन कसा लिहीत, ठाऊक आहे? 'सलास सबैन मया व अलफ'! हे तर अरबी आकडे. सलास म्हणजे तीन, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. बेरीज झाली ११७३. या कालगणनेला शुहूर सन म्हणतात. ती शेतीच्या कामाला सोयीची होती. मृग नक्षत्र लागले की तिचे नवे वर्ष सुरू होई. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. म्हणून ११७३ म्हणजे १७७२-७३. भाषा मराठी, आकडे अरबी आणि वर्षाचा आरंभ मृगाच्या पावसाने! आपले पूर्वज एकमेकांकडून किती सहज घेत होते, हे या एका ओळीवरून दिसते.

तथापि, ऐकलेले सर्वच खरे मानू नका. इतिहासाचे नाव घेऊन शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध भडकवणारी माणसेही असतात. असे कोणी बोलू लागले की तीन प्रश्न विचारा. हे कोणी सांगितले? केव्हा सांगितले? त्याला ते कसे कळले? मग दुसरा पुरावा शोधा. ही सवय ज्याला लागली, त्याला फसवणे कठीण. इतिहास शिकण्याचा हा सर्वांत मोठा फायदा आहे.

दुसरा पुरावा कसा शोधायचा? समजा, आजी म्हणाली, "माझे वडील मुंबईत आले, तेव्हा ट्राम चालत होती." सन तिला आठवत नाही. पण मुंबईतील शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. म्हणजे ते त्यापूर्वी आले, हे नक्की झाले. आता घरातील पेटी उघडा. भाड्याची जुनी पावती, शाळेचा दाखला, निकाहनामा असे काही मिळते का, ते पाहा. निकाहनाम्यावर हिजरी तारीख असेल, तर तिचा इसवी सन काढा. हे कागद रद्दीत जाऊ देऊ नका.

येत्या सुट्टीत एक वही घ्या आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. त्यांना बोलते करा आणि ऐकलेले त्याच दिवशी लिहून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

शब्दार्थ
सनावळी – सनांची यादी
मुलूख – प्रदेश
तहान्वये – तहाप्रमाणे
पोवाडा – शूरांच्या पराक्रमाचे गीत
बखर – जुन्या काळातील ऐतिहासिक हकिकत
तथापि – तरीसुद्धा

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) उर्दूत 'तारीख' या शब्दाचे कोणते दोन अर्थ आहेत?
(आ) घाटकोपर मुंबई महापालिकेच्या हद्दीत केव्हा आले?
(इ) शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव काय?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने तारखेला खुंटी का म्हटले आहे?
(आ) ऐकलेली गोष्ट पारखण्यासाठी कोणते तीन प्रश्न विचारावेत?

प्र. ३. 'अर्बा सबैन मया व अलफ' हा शुहूर सन अंकांत लिहा. त्याचा इसवी सन काढा. (अर्बा = चार)

प्र. ४. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही आहेत. दोन्ही भाषांतील त्यांचे अर्थ सारखेच आहेत का, ते सांगा.

उपक्रम : तुमच्या वस्तीतील एका रस्त्याचे जुने नाव शोधा. ते कोणी सांगितले, हेही वहीत लिहा.