चौथ्या कडव्यात आल्टोकडे कान द्या

पुनरुत्थान रविवारच्या मिस्सामध्ये शुभवर्तमानापूर्वी एक जुने गीत असते. लॅटिनमध्ये त्याला ‘व्हिक्तिमे पास्काली लाउदेस’ म्हणतात. मध्ययुगात अशी कितीतरी गीते ख्रिस्तसभेत गायली जात. १५७० च्या मिस्साग्रंथात त्यांपैकी फक्त चार ठेवली गेली, हे त्यांतले एक. मरण आणि जीवन त्यात समोरासमोर उभे ठाकतात.

या चालीवरून जर्मन भाविकांनी आपल्या भाषेत एक साधे पास्कागीत केले होते. मार्टिन ल्यूथरने १५२४ साली त्याच्या आधाराने सात कडव्यांचे गीत रचले. पुढे १७०७ च्या सुमारास, ऐन बाविशीत, योहान सेबास्तियन बाखने त्या सातही कडव्यांचा कँटाटा केला. कँटाटा म्हणजे उपासनेत वाद्यांच्या साथीने गायची दीर्घ रचना. १७२४ व १७२५ च्या पास्काला त्याने हा कँटाटा लाइपझिगमध्ये सादर केला. ख्रिस्तसभेत फूट पडली, चाल मात्र दोन्ही घरांत राहिली.

हा कँटाटा आम्ही प्रथम ऐकला तेव्हा खरे सांगायचे तर गोंधळच वाटला. आपला कान एका चालीला सरावलेला. भजनात एक जण पुढे म्हणतो, बाकीचे मागून. गोव्याच्या मांडोत दुसरा आवाज असतो, पण तो पहिल्याचा हात धरून चालतो. बाखच्या काउंटरपॉइंटमध्ये प्रत्येक आवाजाला स्वतःची वाट असते. एक आवाज एखादी ओळ सुरू करतो, थोड्या वेळाने दुसरा तीच ओळ वेगळ्या स्वरावरून उचलतो, तोवर पहिला पुढे निघून गेलेला असतो. सगळे एकदम ऐकू गेलो की काहीच हाती लागत नाही.

म्हणून आपण फक्त चौथे कडवे घेऊ. त्या लॅटिन गीतातली झुंज इथे आहे. व्हायोलिन गप्प आहेत. चार आवाज आणि खाली ऑर्गन व खर्जातल्या तंतुवाद्याची साथ, एवढेच. मूळ चाल आपण सवयीने सोप्रानोत शोधतो. तिथे ती नाही. ती आल्टोकडे आहे, लांब, संथ स्वरांत. सोप्रानो, टेनर आणि बास तिच्याभोवती धावतात, एकमेकांची ओळ हिसकावून घेतात. एका मरणाने दुसऱ्या मरणाला गिळले, अशा अर्थाची ओळ येते तेव्हा तर हे तिघे एकाच तुकड्यामागे इतके जवळून धावतात की एकाचे बोलणे संपण्याआधी दुसरा त्याच्यावर चढतो. आल्टो मात्र आपली चाल तशीच, न डगमगता पुढे नेतो.

आमच्या गायकवृंदात आल्टो म्हणजे भर घालणारा आवाज, असा समज आहे. त्यांच्यातले दोघे-तिघे सरावाला आले नाहीत तरी चालेल, असे आम्हीच कितीदा म्हटले आहे! या कडव्यातून आल्टो काढून टाका. गीतच उरत नाही, नुसती धावपळ उरते.

ध्वनिमुद्रण निवडतानाही थोडी काळजी घ्यावी. विसाव्या शतकात मोठमोठे गायकवृंद बाख गात. १७३० मध्ये लाइपझिगच्या नगरपालिकेला लिहिलेल्या निवेदनात बाखने प्रत्येक गायकवृंदासाठी किमान बारा, शक्यतो सोळा गायक मागितले होते. १९८१ मध्ये जोशुआ रिफकिन या अमेरिकन अभ्यासकाने तर बाख बहुतेक वेळा एका आवाजाला एकच गायक घेत असे, असे मत मांडले. त्यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. आम्हाला मात्र थोड्या गायकांचे गायन बरे वाटते. गर्दीत आल्टो बुडून जातो.

पहिल्यांदा ऐकताना फक्त आल्टो धरावा. दुसऱ्यांदा बास. तिसऱ्यांदा कुणालाच धरू नये, चौघांना येऊ द्यावे. पाचव्या कडव्यात एकटा बास गातो आणि मरणाचा शब्द येताच खोल विहिरीत उतरावा तसा खाली जातो. सातव्यात चारही आवाज साधेपणाने एकत्र येतात. प्रत्येक कडव्याच्या शेवटी आलेलुया आहे. माणूस मरणाच्या बंदिवासात आहे असे सांगणाऱ्या दुसऱ्या, उदास कडव्याच्या शेवटीही आहे. पूर्ण कँटाटाला वीस-बावीस मिनिटे लागतात. चौथे कडवे जेमतेम दोन मिनिटांचे. तेवढे तरी तीनदा ऐकावे.