केळी, कंटेनर आणि १३ अंश

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. पण हा विषय मला मराठीतच लिहावासा वाटला, कारण तो माझ्या मामांच्या शेतातला आहे.

मामांचं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या बॅकवॉटरला. भीमा नदीवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि आजोबांची नदीकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली. उरलेल्या माळरानावर त्याच पाण्यातून पाइपलाइन ओढून आधी ऊस केला. आता ३ एकर केळी आहे. कंदर आणि आजूबाजूची गावं आज केळीच्या निर्यातीसाठी ओळखली जातात. टिश्यू कल्चरची जी-९ रोपं, ठिबक, घडावर प्लास्टिकची पिशवी, आणि माल थेट आखाती देशांत.

मे महिन्याच्या सुट्टीत गेले तेव्हा मामा म्हणाले, "काय गं इंजिनिअर, आपला माल आपणच दुबईला पाठवला तर? मधला व्यापारी कशाला पाहिजे? जरा हिशोब करून सांग."

मी वही घेऊन बसले. तो हिशोबच इथे देत आहे.

पहिली गोष्ट, केळं झाडावरून उतरवलं तरी जिवंत असतं. ते श्वास घेतं, उष्णता सोडतं आणि पिकायला लागलं की इथिलीन नावाचा वायू सोडतं. या वायूमुळे शेजारची केळीही पिकतात. कंटेनरमध्ये एक फणी पिकली तर बाकीचा मालही धोक्यात येतो. म्हणून निर्यातीसाठी घड हिरवा असतानाच काढतात. फण्या वेगळ्या करून, चीक धुऊन, खोक्यात भरून १३ ते १४ अंश सेल्सिअसला ठेवतात. त्याहून गरम ठेवलं तर वाटेतच पिकायला लागतं. फार थंड केलं तर साल काळपट पडते आणि नंतर ते नीट पिकतही नाही. म्हणजे चूक करायला जागा एखाद्या अंशाचीच!

आता उष्णतेचा हिशोब. एका ४० फुटी कंटेनरमध्ये साधारण २० टन केळी बसतात. केळ्याची विशिष्ट उष्णता सुमारे ३.४ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरू. शेतातून ३३ अंशाचा माल आला आणि तो १३ अंशावर न्यायचा, तर

२०,००० × ३.४ × २० = १३,६०,००० किलोज्यूल.

३,६०० ने भागलं की जवळजवळ ३७८ युनिट उष्णता बाहेर काढायची. कूलिंग यंत्रणेचा सीओपी ३ धरला तरी सुमारे १२६ युनिट वीज लागेल. पंखे, भिंतीतून आत येणारी उष्णता आणि केळ्यांचा श्वास वेगळाच. रेफ्रिजरेटेड कंटेनर मुख्यतः थंड माल थंड ठेवण्यासाठी असतो. गरम माल झटपट गार करायला प्रीकूलिंगची खोली लागते आणि तिला न थांबणारी वीज लागते. मामांकडे शेतीची वीज दिवसातून काही तासच, तीही कधी रात्री. म्हणजे जनरेटर आला, डिझेल आलं.

मामांना हे पटायला वेळ लागला नाही, कारण आदल्या उन्हाळ्यात त्यांनी ते भोगलं होतं. सकाळी कटिंग झालं, गाडी आली दुपारी तीनला. तोवर माल उघड्या ट्रॉलीत उन्हात! अर्ध्याहून जास्त फण्या नाकारल्या गेल्या आणि स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाला द्याव्या लागल्या. त्या पैशांवर मामेभावाची हॉस्टेलची फी ठरलेली होती. मामी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसरा प्रश्न कंटेनर भरायचा. ६ बाय ५ फुटांवर लागण केली तर एकरी १,४५२ झाडं बसतात. घड सरासरी २५ किलोचा धरला तर एकरी ३६ टन होतात. ऐकायला भरपूर वाटतं, पण सगळी झाडं एकदम निसवत नाहीत. मामांच्या एका कटिंगला ५-६ टन माल निघतो, त्यातला डाग पडलेला बाजूला काढावा लागतो. एकट्याचा कंटेनर भरत नाही, आणि अर्धा भरला तरी भाडं पूर्ण.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. आयात-निर्यात कोड, अपेडाची नोंदणी, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, विमा. शिवाय माल न्हावाशेवा बंदरातून निघाल्यावर पैसे हातात येईपर्यंतचे दिवस कोण सोसणार? तिकडच्या खरेदीदाराने माल खराब म्हटला तर भांडायला दुबईला कोण जाणार? व्यापारी जे पैसे ठेवतो, त्यात त्याचा नफा असतो तशी ही जोखीमही असते. थेट निर्यात करायची तर त्याची सगळी कामं आपल्या अंगावर घ्यावी लागतात.

वर पाण्याची चिंता आहेच. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणून इथे धरण "मायनस"मध्ये गेलं असं म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. पाणी मागे सरलं की मोटारी आणि पाइप त्याच्यामागे पुढे न्यावे लागतात.

मग माझं उत्तर काय? एकट्याने नाही. दहा-बारा जणांनी लागणीच्या तारखा ठरवून घेतल्या, तर एका आठवड्यात कंटेनर भरू शकतो. २००२ च्या दुरुस्तीनंतर कंपनी कायद्यात शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी काढता येते. प्रीकूलिंगची खोली सगळ्यांची मिळून असली तर खर्च वाटला जातो.

मामा ऐकून म्हणाले, "दहा जण एका तारखेला लागण करतील? एका लग्नाला वेळेवर येत नाहीत!" तरी त्यांनी शेजारच्या चौघांना चहाला बोलावलं. अजून नक्की काही ठरलेलं नाही.

एक काम मात्र लगेच झालं. मी केळ्यात खुपसून तापमान मोजायचा एक साधा थर्मामीटर नेला. उघड्या ट्रॉलीतल्या केळ्याचं तापमान ३९ अंश भरलं, आंब्याच्या सावलीतल्याचं ३१. म्हणजे ८ अंशांचा फरक, आणि खर्च शून्य! आता मामांकडे कटिंग पहाटे होतं आणि माल सावलीत थांबतो.

थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरला आपण जे सूत्र पाठ करून जातो, त्याच्यावर कोणाची तरी वर्षभराची कमाई अवलंबून असते हे मला तिथे कळलं. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधत असाल, तर कमी विजेवर चालणारी, गावात दुरुस्त करता येईल अशी प्रीकूलिंगची खोली करून बघा. ट्रायलसाठी केळी मामा देतील.