आबांची दुनळी: पुतण्यास पत्र

शहादा,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. बाळूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. आबांच्या मागे राहिलेल्या वस्तूंपैकी तुला त्यांच्या दुनळीचीच ओढ लागावी, याचं मला नवल वाटलं नाही. ते नळ्यांना तेल लावायला बसले की तू शेजारून हलायचा नाहीस. तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. ही जुनी बंदूक ठेवावी की ती देऊन पंप अ‍ॅक्शन घ्यावी? चोक कोणता चांगला? आणि धडगावच्या डोंगरात तित्तिर-लाव्यांसाठी किती नंबरचे छर्रे वापरावेत? पहिल्या दोहोंबद्दल मला कळतं ते सगळं सांगतो. तिसऱ्याचं उत्तर आधीच देऊन ठेवतो: कुठल्याही नंबरचे नाहीत. पक्ष्यावर बंदूक चालवायची नाही. आणि हे मी केवळ कायद्याच्या धाकानं सांगत नाही.

त्याआधी एक तातडीचं काम. परवाना आबांच्या नावावर होता. ते गेल्यावर ती बंदूक घरात ठेवण्याचा हक्क कोणालाच उरला नाही, तुझ्या वडिलांनाही नाही. शस्त्र कायदा १९५९ चं कलम २१ याच प्रसंगासाठी आहे. बंदूक आणि पेटीतली उरलेली काडतुसं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. मग वारस म्हणून तू परवान्यासाठी नंदुरबारला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज कर. इतर वारसांचं ना-हरकत पत्र लागेल, माझं या पत्रासोबत जोडलं आहे. शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही मागतील. तो केवळ कागद म्हणून मिळवू नकोस, खरोखर शीक. आणि आबांचा परवाना पीक संरक्षणाचा होता हे ध्यानात ठेव. पीक राखायचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा, असं धडगावात पुष्कळ जण धरून चालतात. ते चूक आहे.

आता बंदूक. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात बरोबर बसेल अशी नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. पंप अ‍ॅक्शनची हौस मला समजते, पण तुला तिची गरज नाही. दुनळी मोडून हातात धरली की ती भरलेली आहे की रिकामी हे तुला आणि समोरच्या माणसालाही दिसतं. पंपच्या पोटात काडतूस राहिलंय की नाही हे वरून कळत नाही. नवख्याच्या हाती दुनळी असावी असं मी म्हणतो ते एवढ्याचसाठी.

मात्र आपली बंदूक जुनी आहे. परवाना हाती आल्यावर पहिलं काडतूस घालण्याआधी ती जाणत्या बंदूक-कारागिराला दाखव. त्याच्याकडून चार गोष्टी तपासून घे. नळ्या बंद केल्यावर सांध्यात हालचाल आहे का? नळीला आतून खड्डे किंवा बाहेरून फुगवटा आहे का? चाप फार हलका झालाय का? आणि काडतूस बसतं त्या घराची लांबी किती? जुन्या विलायती बंदुकांचं घर पुष्कळदा अडीच इंचांचं असतं, आजचं नेहमीचं काडतूस पावणेतीन इंचांचं. लांब काडतूस आखूड घरात बसतं, अगदी सहज बसतं, आणि त्यातच धोका आहे. बार उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब एकदम चढतो. नळ्यांवर वळणावळणाची नक्षी दिसली तर त्या दमास्कस पोलादाच्या असतील. त्यांत आजची धूरविरहित दारू वापरूच नये. मग ती बंदूक भिंतीवरची शोभा, आणि तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नकोस.

चोक म्हणजे नळीचं तोंड किती आवळलंय ते. दुनळीत बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली असते. मोजायची रीत ठरलेली आहे: चाळीस यार्डांवर मोठा कागद लावायचा, बार काढायचा आणि तीस इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे पडले ते पाहायचं. सरळ नळीचे शेकडा ४० च्या आसपास पडतात, हाफ चोकचे ६०, फुल चोकचे ७०. हा कागद तू नेमबाजीच्या मैदानावर एकदा तरी लावून बघ. वर्तुळातली रिकामी जागा बघ आणि वर्तुळाबाहेर गेलेले छर्रेही मोज. चोकप्रमाणे शेकडा तीस ते साठ छर्रे तू नेम धरला त्या जागेबाहेर जातात, हे डोळ्यांनी पाहिलं की बंदुकीबद्दलचं माणसाचं मत बदलतं.

पल्ल्याचंही तसंच. सहा नंबरच्या छर्ऱ्यात पक्षी मारण्याचं बळ पस्तीस-छत्तीस मीटरपर्यंत असतं, पण तो खाली पडतो दोनशे मीटरवर. एसजी-एलजीसारखा मोठा छर्रा अर्धा किलोमीटर ओलांडतो. आता आपल्या डोंगराचा विचार कर. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं रात्री गळतात. पहाटे उजाडण्याआधी बायापोरं टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेली असतात. तित्तिर बोलतो तीही तीच वेळ. झुडपात खसफस झाली म्हणून बार काढणारा माणूस त्या उतारावर दोनशे मीटरपर्यंत कोण आहे हे बघू शकत नाही.

बंदूक अंगाला बसणं हे बोअर आणि चोक या दोन्हींपेक्षा मोठं. रायफलीला मागे माशी आणि पुढे माशी असते. छर्ऱ्याच्या बंदुकीत मागची माशी म्हणजे तुझा डोळा. दस्ता लांब-आखूड असेल, गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकत असेल तर नेम दर वेळी हलेल. उजव्या खांद्याला लावणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असला तरी तसंच होतं. आबांचे हात लांब होते, तुझे तेवढे नाहीत. दस्ता कापून घ्यावा लागेल, तो कारागिराकडूनच कापून घे. नळी मात्र कधी, कोणीही सांगितलं तरी, आखूड करायची नाही. तो स्वतंत्र गुन्हा आहे.

इथवर आलास म्हणजे तू विचारशील: एवढं शिकायचं आणि उडवायचं कशावर?

तित्तिर, लावा, होला, हरियाल, रानकोंबडा यांतलं काहीही मारणं आज गुन्हा आहे. पूर्वी तसं नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायदा ९ सप्टेंबर १९७२ चा, आणि त्यात सुरुवातीला छोट्या शिकारीच्या परवान्याची सोय होती. आबांच्या पिढीनं सांगितलेल्या गोष्टी त्या काळच्या. १९९१ च्या दुरुस्तीनं ते परवानेच बंद झाले. २०२२ मध्ये कायदा पुन्हा बदलला. आता अनुसूची एकमधला प्राणी किंवा पक्षी मारला तर तीन ते सात वर्षं कैद, बाकीच्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जाळं लावणं, अंडी फोडणं, घरटं मोडणं हेही कायद्याच्या व्याख्येत शिकारच.

पण मला तुला पटवायचंय ते वेगळ्या वाटेनं. आपल्या डोंगराचं नाव जगातल्या पक्षिशास्त्राच्या इतिहासात आहे, आणि ते बंदुकीमुळेच आधी चढलं आणि जवळजवळ पुसलंही गेलं.

१८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला छत्तीसगडच्या बाजूला एक अनोळखी घुबड मिळालं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम त्या काळातला मोठा पक्षितज्ज्ञ. त्यानं १८७३ मध्ये त्याचं वर्णन करून ब्लेविटचं नाव दिलं. आपण त्याला वनपिंगळा म्हणतो. १८८० नंतर सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यानं आपल्या पश्चिम खानदेशात त्याचे आणखी नमुने मारून गोळा केले. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी छर्ऱ्यानं पाडायचा. दुर्बीण आणि कॅमेरा यांचं काम तेव्हा बंदूक करत होती, म्हणून डेव्हिडसनला मी दोष देत नाही. त्यानं काय, कुठं, कधी पाडलं याची प्रामाणिक नोंद ठेवली. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कुणालाच दिसला नाही.

मधे एक लबाडी झाली. कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन यानं लंडनच्या संग्रहालयातला डेव्हिडसनचा एक नमुना पळवला, त्यात नवं सारण भरलं आणि १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपणच तो मारल्याची चिठ्ठी लावली. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणाऱ्यांनी पुढे भलत्या मुलखात शोध घेतला. ही चोरी उघडकीला आणली पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या नोंदींवर भिस्त ठेवत रासमुसेनबाई दोन सोबत्यांसह इकडे आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला, दिवसाढवळ्या, निष्पर्ण फांदीवर बसलेला वनपिंगळा त्यांना दिसला. मध्ये ११३ वर्षं गेली होती. पुढच्या सर्वेक्षणांत तो तोरणमाळच्या राखीव जंगलातही सापडला, म्हणजे तुझ्याच तालुक्यात. नंतर मेळघाट, यावल, मुंबईजवळ तानसा इथंही तो आढळला. २०१८ पर्यंत त्याची गणना अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत होती, आता संकटग्रस्तांत आहे. संकट टळलेलं नाही. सागाची जुनी, ढोलीची झाडं तुटतात, आणि जादूटोण्याच्या समजुतीपायी घुबडं व त्यांची अंडी अजून बळी पडतात.

आता सांग, संध्याकाळच्या उजेडात वीस पावलांवरून उडालेला वीतभर पिंगळा नेहमीचा ठिपकेवाला आहे की वनपिंगळा, हे तुला चाप ओढायच्या आत कळेल का? ठिपकेवाल्याच्या डोक्यावर-पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. वनपिंगळ्याचं डोकं जवळपास सपाट तपकिरी, छाती गडद, पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. हा फरक दुर्बिणीतून शांतपणे पाहिला तर दिसतो. बंदुकीच्या माशीवरून तो दिसत नाही.

सालिम अलींची गोष्ट तुला ठाऊक असेल, तरी सांगतो. पोरक्या सालिमला मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवलं. त्यानं छर्ऱ्याच्या खेळण्यातल्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिचा गळा पिवळा होता. मामांना ती ओळखता येईना, तेव्हा त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे धाडलं. साल १९०८. त्या पोराला मिलार्डनी कपाटं उघडून पक्षी दाखवले आणि त्यातून पुढचं सगळं घडलं. मी मिलार्ड नाही, पण कपाट दाखवणं माझ्या हातात आहे.

तुला उडतं लक्ष्यच हवं असेल तर ते मातीचं आहे. ट्रॅप आणि स्कीट हे दोन्ही खेळ ऑलिम्पिकमध्ये आहेत. ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी ट्रॅपमध्ये सुमारे ७६ मीटर दूर फेकतात, काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रे चालतात. तिच्याबरोबर नळी फिरवत न्यायची, तिच्या पुढे जायचं, चाप ओढल्यावरही हात थांबवायचा नाही. तित्तिराच्या शिकारीत जी हातोटी लागत असे ती सगळी यात लागते, आणि नेमकी मोजली जाते. बिकानेरचे करणीसिंह यांनी १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य मिळवलं. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचं. २०२४ मध्ये पॅरिसला माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नरुका यांचं मिश्र स्कीटचं कांस्य एका गुणानं हुकलं. रायफल आणि पिस्तुलात आपल्या महाराष्ट्रानं अंजली भागवत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे दिले. छर्ऱ्याच्या बंदुकीत असं नाव अजून व्हायचंय. राज्य रायफल संघटनेमार्फत रीतसर सुरुवात कर. काडतुसांचा खर्च जड जाईल, त्यातला काही भाग मी उचलीन.

एक गोष्ट मात्र जपून कर. गावातल्या पावरा किंवा भिल्ल पोराच्या हातात गलोल दिसली की त्याला कायदा शिकवायला जाऊ नकोस. त्याच्या घरच्या आमटीचा आणि तुझ्या हौसेचा प्रश्न एक नाही. डोंगरातल्या कोणत्या झाडात ढोली आहे हे त्याला तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्याच्याबरोबर हिंड, दुर्बीण त्याच्या हातात दे.

माझी दुर्बीण तुझ्यासाठी काढून ठेवली आहे, या आठवड्यात कोणी शहाद्याहून वर जाणारं भेटलं की पाठवतो. थंडीतच निघ. पानगळीच्या सागवनात सकाळी नऊ-दहापर्यंत उघड्या फांद्यांवर नजर ठेव. वनपिंगळा दिसला तर वेळ, झाड, तो काय करत होता हे तिथल्या तिथे वहीत लिही. ढोली सापडली तर तिची जागा वनखात्याला कळव, आणि फोटो टाकायच्या मोहापायी बाकी कोणालाही ती सांगू नकोस.

तुझा,
काका