सशाचे दुखणे : मूळ कोठे शोधावे?

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या ऊस व दूधदुभत्याच्या गावी हौसेने पाळलेल्या सशापुढे पेंड, मक्याचा भरडा व भाकरीचे तुकडे सहज पडतात. असा ससा पुढे खंगू लागतो. हनुवटी ओली राहते, एका डोळ्यातून पाणी गळते, लेंड्या बारीक व थोड्या पडतात. कोणी सर्दी म्हणतो, कोणी उष्णता. पुष्कळदा या सर्वांचे मूळ दाढांत असते.

सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्यास सुमारे २ मिलिमीटर. राठ गवत चघळताना ते झिजतात. मऊ भरड्याने दाढा पुरेशा झिजत नाहीत. त्यांची टोके जिभेस व गालास टोचतात, वाढलेली मुळे अश्रुनलिकेवर दाब आणतात. भूक असूनही ससा चाऱ्यास तोंड लावून मागे सरतो, ही खूण ग्रामसेवकांनी अवश्य पाहावी. पुढचे दात नीट दिसले म्हणून दाढा निर्दोष ठरत नाहीत. त्या पशुवैद्यकाने उपकरणानेच तपासावयास हव्यात.

घरी चिमट्याने दात तोडू नयेत, ते उभे चिरतात. गुरांसाठी आणलेल्या औषधांपैकी पेनिसिलिन सशास तोंडावाटे कदापि देऊ नये. आतड्यातील उपकारक जंतू मरून ससा दगावतो. १२ तास काहीही न खाल्लेल्या सशास त्वरित दवाखान्यात न्यावे.

भरडा एकदम न तोडता दोन आठवड्यांत कमी करावा आणि हरळी व वाळलेले गवत सदैव पुढे ठेवावे. तणनाशक फवारलेल्या उसातील गवत मात्र कापू नये.